जत्रेत जुनी इंजिनं मांडतोय. रोलरच्या बॉयलरखाली जाळ लावावा का?

माढ्याचा_पाव्हणा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

आमचं गाव कुर्डुवाडी-बार्शी रेल्वेच्या अंगाला. चैत्रात जत्रा असते. छबिना, कुस्त्या, तमाशा ठरलेलं आहेच, पण यंदा आम्ही चार-सहा जणांनी एक नवं खूळ डोक्यात घेतलंय. पंचक्रोशीतली जुनी इंजिनं गोळा करून शाळेमागच्या माळावर मांडायची. आजवर कबूल झालेली अशी: पीठगिरणीची दोन आडवी ऑइल इंजिनं, विहिरीवरचं एक लिस्टर कंपनीचं ऑइल इंजिन, गुऱ्हाळाच्या चरकाला जोडलेलं एक किर्लोस्कर. आणि या सगळ्यांचा थोरला म्हणजे वाफेचा रोड रोलर. चुलत्यांनी ठेकेदारी करत असताना एका लिलावात भंगाराच्या भावानं उचलला होता. तोडायचा धीर झाला नाही म्हणून चिंचेखाली उभा केला, तो तिथंच आहे. पाटी घासल्यावर 'टेल्को' अशी अक्षरं निघाली.

आता भांडण असं आहे. तरणी पोरं म्हणतात, नुसता रंग देऊन हार घातला तर बघायचं काय? धूर निघाला पाहिजे, शिट्टी वाजली पाहिजे. चुलते म्हणतात, जाळ लावणार असाल तर मी त्या दिवशी पंढरपूरला जातो. फ्लायव्हील दोघांनी जोर लावला की फिरतं. चिमणीत साळुंकीचं घरटं होतं, ते रिकामं झाल्यावर काढलं. जाणकारांनी सांगावं, लावायचा का जाळ?

शेंगाचटणी

काय भारी बे! गावात कशाला, पुढच्या संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आणा की, होम मैदानावर. पाळण्याच्या शेजारी रोलर. तिकीट लावा, आम्ही येऊलालाव सगळे.

दोन_फूट_सहा_इंच

पाटीवरची अक्षरं बरोबर जुळतात. टाटांची टेल्को निघाली १९४५ मध्ये आणि ट्रकच्या आधी तिथं रेल्वेचे बॉयलर, इंजिनं असला माल होत होता. १९४८ मध्ये इंग्लंडच्या मार्शल कंपनीच्या सहकार्यानं त्यांनी वाफेचे रोड रोलर काढले. म्हणजे तुमचा रोलर विलायतेहून आलेला नाही, इथंच घडलेला आहे, आणि देश स्वतंत्र झाल्यानंतरचा आहे. त्यामुळं पोस्टरवर 'ब्रिटिशकालीन' लिहू नका. जुनं काही दिसलं की ते साहेबानं आणलं असं आपल्याकडं सरसकट ठोकून देतात, त्याचा मला वैताग येतो.

भट्टीवाला

जाळ लावू नका. आधी पुरतं वाचा, मग शिव्या घाला.

साखर कारखान्यात बॉयलरवर माझी हयात गेली, त्यामुळं हे भीतीपोटी सांगत नाही. लोकांना वाटतं बॉयलर फुटतो म्हणजे आत कोंडलेली वाफ बाहेर पडते. वाफ किरकोळ असते हो. ताकद असते पाण्यात. दहा किलो प्रेशरला आतलं पाणी १८० अंशांच्या पुढं तापलेलं असतं आणि तरी पाणीच राहतं, कारण दाब त्याला उकळू देत नाही. पत्रा फाटला की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्यातला एक हिस्सा जागच्या जागी वाफ होतो. एक लिटर पाण्याची मोकळ्यावर सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. तुमच्या रोलरच्या पोटात शेकड्यानं लिटर पाणी मावतं. पुढचा हिशेब तुम्हीच करा, आणि जत्रेत पोरं किती जवळ उभी राहतात तेही त्यात धरा.

चिमणीत घरटं होतं, म्हणजे वर झाकण नव्हतं. किती पावसाळे? ते सगळं पाणी चिमणीतून खाली धुराच्या पेटीत गेलं. तिथं जुनी राख बसलेली असते. ओली राख पत्रा खाते. बाहेरून रंग मारलात तर नवा नवरदेव दिसेल, पण पेटीचा दरवाजा उघडून तळाला स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, पापुद्रे निघतील. दुसरी जागा फायरबॉक्सचा, म्हणजे जाळाच्या पेटीचा तळ. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी असतं, तिथं गाळ बसतो आणि आतून कुरतडतो. ते डोळ्याला दिसतच नाही. जुने लोक छोटी हातोडी घेऊन ठोकत जायचे. चांगला पत्रा टणकन बोलतो, खाल्लेला बद्द वाजतो. आता जाडी मोजायचं यंत्र मिळतं, ते लावावं.

कायद्याचं म्हणाल तर पाणी मावायची जागा २५ लिटरच्या वर गेली की नोंदणी, बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकाची तपासणी, प्रमाणपत्र, आणि पेटवायला परवानाधारक माणूस, हे सगळं आलं. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा आला तरी हे सुटलेलं नाही. जत्रा कमिटीचा ठराव इथं चालत नाही.

माढ्याचा_पाव्हणा

भट्टीवाला काका, चुलत्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते आता जेवायला बसलेत आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्यात.

एक शंका. एका जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं की बॉयलरमध्ये शिशाचा प्लग असतो, पाणी कमी झालं की तो वितळतो आणि आपोआप धोका टळतो. मग एवढं घाबरायचं कारण काय?

भट्टीवाला

असतो. फायरबॉक्सच्या छतात बसवतात. छतावर पाणी आहे तोवर शिसं वितळायचं कारण नाही, त्याला ३२७ अंश लागतात. पाणी छताच्या खाली उतरलं की छत उघडं पडून तापतं, शिसं गळतं आणि वरची वाफ भोकातून जाळावर येते. फायरमनला कळतं की आता आग ओढून बाहेर काढायची. पण हा प्लग फक्त पाणी कमी झाल्याचं सांगतो. पत्रा पातळ झाला असेल तर तो काहीच बोलत नाही. आणि प्लगवर क्षाराचा थर बसला असेल तर वेळेला तोही दगा देतो.

पाण्याचंही सांगून ठेवतो. बोअरचं पाणी घालायचं मनात आणू नका. आपल्या भागात बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला महिनाभरात पांढरा थर धरतो. तोच थर ट्यूबांवर, म्हणजे आतल्या धूर जायच्या नळ्यांवर बसला की पत्र्याची उष्णता पाण्याला पोचत नाही आणि पत्रा जळतो. कारखान्यात पाणी शुद्ध करायला वेगळा प्लांट असतो तो उगाच नाही.

विलायती_बाभूळ

मूळचा सोलापूरचा, बरीच वर्षं इंग्लंडात. इथं उन्हाळ्यात गावोगाव असे मेळे भरतात, त्यामुळं राहवलं नाही.

याची सुरुवात म्हणून एक किस्सा सगळे सांगतात. १९५० मध्ये ॲपलफर्ड नावाच्या गावात आर्थर नॅपर या शेतकऱ्यानं मित्राशी पैज लावली की माझं वाफेचं ट्रॅक्शन इंजिन (चाकांवर चालणारं, ओढकामाचं) तुझ्या इंजिनापेक्षा जोरात पळतं. पैज कशाची, तर बिअरच्या एका पिंपाची. शेतात शर्यत झाली, नॅपर जिंकला. त्या काळात ही इंजिनं धडाधड भंगारात चालली होती. या शर्यतीनं लोकांना वाटलं, अरे, ही ठेवली पाहिजेत. १९५४ मध्ये हौशी लोकांचा राष्ट्रीय क्लब झाला. पुढं १९६९ मध्ये डॉर्सेट परगण्यात सुरू झालेला मेळा तर एवढा वाढला की पाच-पाच दिवस चालायचा. २०२२ नंतर तो बंद झाला, खर्च पेलेना.

भट्टीवाला म्हणतात ते इथंही तसंच आहे. दर वर्षी बॉयलर आधी थंड असताना तपासतात, मग वाफेवर. कागद नसेल तर विमा नाही, आणि विमा नसेल तर मैदानात घेत नाहीत. पण मला जे आवडतं ते वेगळंच. इंजिन नुसतं उभं करत नाहीत, त्याला कामाला लावतात. एक इंजिन लांब पट्ट्यावर मळणीयंत्र फिरवतंय, दुसरं लाकूड चिरतंय. पट्टा मुद्दाम एक पीळ देऊन चढवतात, म्हणजे सुटत नाही. काजळीनं माखलेली म्हातारी माणसं फावडं धुऊन त्याच्यावरच जाळात अंडी तळतात. तुम्हीही इंजिनाला काम द्या.

मालदांडी

मंगळवेढ्याहून लिहितोय. थोडा कडवट प्रतिसाद आहे.

विलायतेत वाफेचं इंजिन शेतात उतरलं, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला त्याचा जीव लागला. आपल्याकडं वाफ कुणाची होती? रेल्वेची, गिरणीची, फार तर सरकारी रस्त्यावरच्या रोलरची. शेतकऱ्याच्या विहिरीवर बैलांची मोट होती, मोटेवरून आपण थेट ऑइल इंजिनावर आलो आणि तिथून विजेच्या मोटारीवर. वाफ मधल्यामध्ये शेजारून निघून गेली. गावात कुणाच्याही कानात बसलेला इंजिनाचा आवाज विचारा, तो पीठगिरणीच्या इंजिनाचाच असणार. पुक्, पुक्, आणि दळण संपत आलं की जरा ओढल्यासारखं. आमच्या आजीला अर्ध्या कोसावरून कळायचं की गिरणी सुरू आहे का बंद, मग डबा डोक्यावर.

तुमचा सगळा धागा रोलरवर चाललाय आणि जी चार इंजिनं चालू होऊ शकतात त्यांचा कुणी शब्द काढेना. त्यांना पुढं ठेवा. रोलर मागं राहू द्या, मोठा आहे, दिसेल.

दोन_फूट_सहा_इंच

मालदांडी, पटलं, पण रेल्वेबद्दल एवढं परकं बोलू नका. निदान धागाकर्त्याच्या गावात तरी नको. बार्शी लाइट रेल्वे ही गावातली रेल्वे होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं तिचा पिच्छा पुरवला. रूळांमधलं अंतर अडीच फूट (माझं नाव त्यावरूनच), आणि एका आसावर पाच टनांच्या वर वजन येणार नाही असा हिशेब. म्हणजे हलके रूळ, हलके पूल, कमी खर्च. पण वजन हलकं ठेवून ताकद आणायची म्हणून इंजिनाला चाकं जास्त: लीड्सच्या किटसन कंपनीनं पहिली इंजिनं केली त्यांना ओढणारी चाकंच आठ. इकडं पाठवायच्या आधी तिकडं लीड्सजवळ तात्पुरता रूळ टाकून लोकांना चालवून दाखवली होती. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. कापूस, भुसार आणि आषाढीला वारकरी. १९५४ पासून ती सरकारची झाली, आणि २००२ ते २०१० या काळात टप्प्याटप्प्यानं सगळा रूळ रुंद झाला.

अवांतर: या कॅलथ्रॉपनं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं. बार्शीच्या गाडीचा आणि पॅराशूटचा बाप एकच, हे पोस्टरवर घातलंत तर पोरं नक्की थांबून वाचतील.

शेंगाचटणी

म्हणजे पंढरपूरची गाडी चुकली तर उडी मारायची सोयपण त्यानंच केली म्हणा की.

मिलचा_भोंगा

सोलापूर शहराचं कुणी नाव घेईना म्हणून लिहितो. १८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जुनी मिल. त्या काळात मिल म्हणजे एक बॉयलर हाऊस, एक थोरलं इंजिन, आणि त्याच्या चाकावरून दोरखंडांनी वरच्या मजल्यांपर्यंत फिरवलेले शाफ्ट. इंजिन थांबलं की हजारो चात्या एकदम थांबायच्या. आमच्या घरात तीन पिढ्या गिरणीत. वाफेची खरी ओळख सोलापूरकराला भोंग्यानं झाली. घड्याळ कुणाकडं होतं? भोंग्यावर चूल पेटायची.

आणि वाफ गेली असं समजू नका. चादर-टॉवेलचं रंगकाम, धुलाई, सगळं आजही वाफेवर. जिल्ह्यात साखर कारखाने ढिगानं, तिथं बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड जाळून वाफ, त्यावर टर्बाइन, वीज. इंजिन गेलं, भट्टी आहे तिथंच आहे. तुमच्या मेळ्याला जाणती माणसं त्या कारखान्यांतूनच मिळतील, रेल्वेत आता कोण राहिलंय?

ता. क. चिमणीचा विषय मुद्दाम काढत नाही.

चिंचोळी_गल्ली

काढा की! २०२३ ला विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा...

संपादक

चिमणीवर स्वतंत्र धागे आहेत, आणि ते कुलूपबंद का आहेत हे सर्वांना माहीत आहे. इथं इंजिनं.

आयटीआय_फिटर

माढ्याच्या पाव्हण्या, मधला रस्ता सांगतो. जाळ नको, पण इंजिन फिरवा. हवेवर.

वाफेच्या इंजिनाला आत येणारी वस्तू वाफ आहे का हवा, याच्याशी देणंघेणं नसतं, दाब मिळाला की पिस्टन ढकलला जातो. लोड नसताना, नुसतं फ्लायव्हील फिरवायला दोन-तीन किलो पुरतं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र चालणार नाही, त्याला प्रेशर येतं पण हवा पुरत नाही, दोन फेऱ्यांत दम सुटतो. विहीर फोडायला ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो ना, तो आणा. गावात कुणाकडं तरी असतोच.

आधी सिलिंडरची झाकणं खोला. आत डिझेल ओतून चार दिवस मुरू द्या. मग हातानं फ्लायव्हील हळू फिरवून बघा, अडलं तर जोर करू नका, कारण शोधा. स्लाइड व्हॉल्व्हची (सिलिंडरमध्ये वाफ सोडणारी सरकती झडप) पेटी उघडा, तिथं गंज असतो. मग जाड तेल. सगळं सुटं झाल्याशिवाय हवा सोडायची नाही.

भट्टीवाला

फिटरनं सांगितलं ते उत्तम, फक्त एक गोष्ट ठळक करून सांगतो. हवा बॉयलरमध्ये भरायची नाही. कुणीतरी शहाणा म्हणेल की बॉयलरलाच पाइप जोडा, मोठी टाकी आयती आहे. त्या टाकीचाच तर भरवसा नाही. पाण्यानं भरून दाब दिला आणि पत्रा फाटला तर पाणी गळतं आणि विषय संपतो, म्हणून तपासणी पाण्यानं करतात. हवेनं भरलेला पत्रा फाटला तर तुकडे उडतात. होस थेट स्टीम चेस्टला, म्हणजे त्या स्लाइड व्हॉल्व्हच्या पेटीला जोडा, मध्ये प्रेशर उतरवायचा रेग्युलेटर आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. बॉयलरकडचा मार्ग आंधळी (बिनभोकाची) प्लेट टाकून बंद.

सूरपेटी

शिट्टीही हवेवर वाजेल, पण जुन्या लोकांना ती वेगळी वाटेल. वाफेत आवाज हवेपेक्षा वेगानं जातो, त्यामुळं तीच शिट्टी वाफेवर चढ्या सुरात वाजते आणि हवेवर उतरते. आधी सांगून ठेवा, नाहीतर एखादा निवृत्त ड्रायव्हर माईक हातात घेऊन भांडेल.

विलायती_बाभूळ

हवेवर फिरणारं इंजिन बघायला बरं, पण वास नाही, ऊब नाही, ते थेंब गळणं नाही. माझं मन भरत नाही. तरी जत्रेच्या गर्दीत मी पण हेच केलं असतं. खरी वाफ दाखवायची असेल तर २५ लिटरच्या आतला छोटा बॉयलर घेऊन, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली एक लहान मॉडेल चालवा. पोरांना इंजेक्टर दाखवा. बॉयलरचीच वाफ त्याच बॉयलरच्या दाबाविरुद्ध पाणी आत ढकलते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थाप वाटते. १८५८ मध्ये जिफार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं ते काढलं तेव्हाही लोकांना पटत नव्हतं.

भट्टीवाला

छोटा असला तरी चांगल्या पत्र्याचा, चांगल्या वेल्डिंगचा, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन. कायद्यातून सुटला म्हणजे भाजण्यातून सुटला असं नाही. प्रेशर कुकर चालत नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण कुणीतरी विचारणारच.

शेंगाचटणी

मी विचारणारच होतो बे.

माढ्याचा_पाव्हणा

मंडळी, काल बैठक झाली. ठरलं ते असं.

मालदांडींचं ऐकलं. पुढच्या रांगेत ऑइल इंजिनं. आडव्या इंजिनावर गिरणी चालवून तिथंच ज्वारी दळून देणार, चरकावर रस, लिस्टरवर कडबाकुट्टी. पट्ट्याभोवती बांबूचं कुंपण घालू, धोतराचा सोगा आणि साडीचा पदर यांची काळजी बायकांनीच बैठकीत काढली आणि ती बरोबर होती. रोलर मागं, हवेवर, दर तासाला थोडा वेळ. कॉम्प्रेसर गावातलाच, फुकट, फक्त डिझेल आपलं. मॉडेल यंदा नाही, घाईत नको.

चुलते खुश आहेत. स्वतः रोलरवर बसणार म्हणतात. धुराच्या पेटीचा तळ उघडून बघितला, भट्टीवाला काकांचा स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला.

आता नवी अडचण. सिलिंडरच्या झाकणाचे बोल्ट सुटेनात. आमच्याकडचे सगळे पाने मिलिमीटरचे, ते बोल्टच्या डोक्यावरून घसरतात, दोन कोपरे गोल झाले.

आयटीआय_फिटर

थांबा, आणखी गोल करू नका! ते विटवर्थ बोल्ट आहेत, इंची. सुती पाने पाहिजेत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), चार सुती, पाच सुती, सहा सुती. जुन्या गॅरेजवाल्याकडं किंवा मिलमधून निवृत्त झालेल्या फिटरच्या पेटीत मिळतील. होसच्या सांध्याची काळजी नको, पाइपाचे आटे आपल्याकडं अजून जुनेच चालतात, ते बसतील. बोल्टवर डिझेल आणि तेल टाकून रात्रभर ठेवा, मग हलक्या हातानं ठोके, मग पाना.

मिलचा_भोंगा

आजोबांची पेटी आहे आमच्याकडं. तीन सुतीपासून एक इंचीपर्यंत रिंग पाने, सगळे जागेवर. रविवारी कुर्डुवाडी स्टेशनला आणून देतो. पण पेटी मी स्वतः धरून बसणार, आणि परत नेणार. जत्रेत पाना हरवला तर परत मिळत नाही, पाव्हणं.

माढ्याचा_पाव्हणा

या की. गाडी किती वाजता पोचते ते कळवा, न्यायला येतो. जेवूनच जायचं.